कांचन परब, उर्फ उर्मिला सावंत

उर्मिलाबाई सावंतांना पोर्तुगीज व्हायचं नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. घरात ठरलं होतं, आणि घरात एकदा ठरलं की म्हाताऱ्या माणसाला फक्त कळवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. माणसांबरोबर तीही विमानात बसून न्यूझीलंडला आली. तिला कुणी व्हिसा विचारला नाही.

घर हॅमिल्टनमधलं. मुलगा चंद्रहास वीसएक वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे आला, आता गायींचं दूध काढायच्या यंत्रांना अक्कल पुरवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. सून मेधा इस्पितळाच्या लॅबमध्ये. नात वल्लरी युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला. तिघांचेही पासपोर्ट न्यूझीलंडचे, काळेभोर. उर्मिलाबाईंचा तेवढा निळा, भारताचा. नवरा गेल्यापासून त्या वर्षातले काही महिने इथे असत आणि उरलेले पुण्यात, सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये. "आता कायमचीच ये," म्हणून चंद्रहास मागे लागला होता. त्यावर त्या 'हो' म्हणत आणि परतीचं तिकीट काढायला लावत.

त्यांच्या या 'हो'बद्दल थोडं सांगायलाच हवं. इतरांचं हो म्हणजे होकार. उर्मिलाबाईंचं हो म्हणजे 'ऐकलं', बास, एवढंच. मेधानं पहिल्याच खेपेला सांगितलं, "आई, भांडी हातानं नका घासू, डिशवॉशर आहे ना." त्या हो म्हणाल्या. आजतागायत जेवणं आटोपली की बाई पदर खोचून सिंकपाशी उभ्या. डॉक्टर म्हणाले लोणचं बंद, त्या हो म्हणाल्या. वल्लरी म्हणाली, "आजी, साडीवर जँडल्स नको ना घालू, लोक बघतात." हो म्हणाल्या, आणि त्याच रबरी सपाता फटक फटक वाजवत कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, जाऊन ब्रेड घेऊन आल्या. भांडण नाही, तोंड वाकडं नाही. इतकी गरीब सासू नशिबानं मिळते, असं मेधाच्या मैत्रिणी म्हणत. मेधा त्यावर काही बोलत नसे.

पोर्तुगालचं खूळ घरात शिरलं ते गणपतीत. मराठी मंडळाच्या जेवणात चंद्रहासच्या शेजारी कुणी गोव्याचा माणूस बसला होता. त्यानं वरणभात कालवता कालवता सांगितलं की पोर्तुगीज असताना गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्याला मिळालं की त्याच्या मुलांना, आणि मुलांना मिळालं की नातवंडांना. चंद्रहासला पुढचा मोदक गोड लागेना. घरी येऊन चपला काढायच्या आधी त्यानं विचारलं, "आई, तुझा जन्म नक्की कुठला? सावंतवाडीचा की गोव्यातला?"

"पेडण्याचा. पार्से गाव," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"आणि साल चोपन्न. म्हणजे तेव्हा तिथे पोर्तुगीज होते!"

"होते की. आमच्या घरासमोरून जायचे."

"अगं, तू तर सोन्याची खाण निघालीस!" म्हणत त्यानं आईला मिठीच मारली. एरवी वाढदिवसालाही लांबून नमस्कार करणारा मुलगा. उर्मिलाबाई सुखावल्या, नाही कशाला म्हणा.

कारण होतं वल्लरी. तिला पुढे शिकायला नेदरलँड्सला जायचं होतं. समुद्र कसा अडवायचा, नदीला किती जागा सोडायची, असलं पाण्याचं काहीतरी शास्त्र. शिकून झाल्यावर तिथेच राहून काम करायचं, हेही तिच्या डोक्यात पक्कं होतं. शिकायला जाण्यापुरता व्हिसा मिळाला असता. पण पुढे राहायचं म्हणजे दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी दारात उभं राहणं आलं. चंद्रहासनं ते स्वतः केलं होतं. न्यूझीलंडचा आधी कामाचा व्हिसा, मग रेसिडेन्सी, मग नागरिकत्व. मधल्या काळात नोकरी गेली तेव्हा देशही जायची वेळ आली होती. ऑकलंडजवळ पापाकुराला एका मित्राच्या गॅरेजात वल्लरीला छातीशी धरून काढलेले ते महिने त्याच्या अंगावर अजून काटा आणत. युरोपातल्या एका देशाची नागरिक झाली की पोरगी अख्ख्या युरोपात ताठ मानेनं राहील, हे त्याच्या मनानं घेतलं ते त्यामुळे. बाप म्हणून तो चुकत होता असं मी म्हणणार नाही.

"सोपं आहे," त्यानं सगळ्यांना बसवून समजावलं. "आधी आईचा जन्म लिस्बनला नोंदवायचा. ती पोर्तुगीज झाली की मी तिचा मुलगा म्हणून, आणि मग वल्लरी माझी मुलगी म्हणून. आपण तिघं न्यूझीलंडचेही राहतो, इथे दोन नागरिकत्वं चालतात."

"आणि आईंचं?" मेधानं विचारलं.

"आईचा इंडियन पासपोर्ट परत द्यावा लागेल. भारताला दोन चालत नाहीत. पण काय बिघडलं? आपल्यासारखं ओसीआय कार्ड काढू. येता जाता येईल, राहता येईल, फ्लॅट तसाच. फक्त मत देता येणार नाही. काय आई?"

"हो," उर्मिलाबाई म्हणाल्या.

मेधानं एकदा सासूकडे पाहिलं आणि चहाचे कप उचलले.

आता उर्मिलाबाईंच्या मनात काय होतं? देशप्रेम वगैरे मोठे शब्द त्यांना कधी जमले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो मुंबईचा विमानतळ. दरवेळी सगळे एकत्र उतरत आणि पासपोर्टच्या रांगेपाशी फाटाफूट होई. मुलगा, सून, नात परदेशी लोकांच्या रांगेत, आणि त्या एकट्या भारतीयांच्या. प्रवासभर "आई, इकडे नाही तिकडे, आई, बेल्ट लाव, आई, हे खाऊ नकोस," ऐकून ऐकून त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असे. त्या रांगेत मात्र त्या पर्स काखोटीला मारून ताठ उभ्या राहत. तिकडे त्या घरच्या आणि हे तिघं पाहुणे. ऑफिसर शिक्का मारताना मराठीत विचारी, "काय आजी, मुलाकडे होता का?" तेवढ्या दहा पावलांत त्या कुणाची आई नव्हत्या, कुणाची सासू नव्हत्या. हे कुणाला सांगावं, आणि सांगितलं तर कळावं कुणाला? म्हणून त्या गप्प बसल्या.

कागदपत्रांचं काम चंद्रहासनं श्रुतीकडे दिलं. श्रुती मूळची मडगावची, राहायला पापाकुरात, आणि गोवेकरांची अशी कामं करून द्यायचा तिचा धंदा. बोलायला मोकळी, कामाला चोख. तिनं पेडण्याला आपला माणूस पाठवला आणि एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. बाहेर हॅमिल्टनचं धुकं असं दाटलं होतं की समोरचं कुंपण दिसत नव्हतं. उर्मिलाबाई मुगागाठीसाठी मोड आलेल्या मुगांची सालं काढत टेबलाशी बसल्या होत्या.

"काकू, एक घोटाळा झालाय," श्रुती म्हणाली. "आमच्या माणसानं चोपन्न सालच्या सगळ्या नोंदी बघितल्या. मागचं वर्ष बघितलं, पुढचं बघितलं. पार्शात उर्मिला नावाची मुलगी जन्मलेलीच नाही."

चंद्रहासचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे नोंदच केली नव्हती?"

"केली नव्हती कशी?" उर्मिलाबाई मुगावरची नजर न काढता म्हणाल्या. "बाबा मास्तर होते. ते बरे चुकतील!"

"मग सापडत का नाही?"

"सापडेल कशी? उर्मिला तिथे जन्मलीच नाही. त्यांना म्हणावं कांचन बघा. कांचन रघुनाथ परब."

चंद्रहासनं स्क्रीनवरची नजर काढून आईकडे वळवली.

"कांचन कोण?" चंद्रहासनं विचारलं.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाप्यानं, पोटच्या मुलानं आईला विचारावं, कांचन कोण! उर्मिलाबाईंना आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, आणि ते बराच वेळ वाटत राहिलं.

"मी," त्या म्हणाल्या.

"आई! मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू जन्मतारीख विचारलीस, सांगितली. गाव विचारलंस, सांगितलं. वडिलांचं नाव विचारलंस, तेही सांगितलं. माझं नाव विचारलंस का?"

पलीकडे श्रुती हसून हसून लोटपोट. "अहो, आमच्या हिंदू बायकांचं हे नेहमीचंच आहे," ती म्हणाली. "ख्रिस्ती घरातली मारिया लग्नानंतर आडनाव बदलते, पण मारियाची मारियाच राहते. आपल्याकडे बाईचं नाव गेलं, मधलं बापाचं गेलं, आडनाव गेलं. तिन्हीच्या तिन्ही! लिस्बनच्या साहेबानं ओळखायचं कशावरून? काही हरकत नाही, काकू. तुम्ही एक प्रतिज्ञापत्र करा की कांचन आणि उर्मिला एकच. आणि तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारं, लग्नाआधीपासूनचं कुणी आहे का हयात?"

"सुधाकरदादा आहे. माझा थोरला भाऊ. ऐंशी पार, पण खडखडीत."

"मामा?" चंद्रहास म्हणाला. "पण मामा तर तुला बाय म्हणतो."

"ते लाडाचं. आमच्याकडे लहान बहिणीला बायच म्हणतात. नाव हे नाव असतं."

वल्लरी मघापासून दारात दात घासायचा ब्रश तोंडात धरून उभी होती. ती तशीच आत आली. "वेट, वेट. आजी, तुझं नाव चेंज कोणी केलं? तुला विचारलं नाही?"

मग उर्मिलाबाईंनी सांगितलं. घरातल्या कुणीच हे कधी ऐकलं नव्हतं. लग्न सावंतवाडीला झालं, मांडव दारात. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून ठेवले. नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. वीस वर्षांची पोर समोर मान खाली घालून बसलेली. काय नाव ठेवणार हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, विचारायची तर बातच सोडा. तिच्या बाजूनं अक्षरं उलटी होती. तिनं ती एकेक लावली. मग सगळ्यांना साखर वाटली.

"माझं नाव मी उलटं वाचलं," उर्मिलाबाई म्हणाल्या. "मला वाटलं शर्मिला आहे. जाऊबाईंनी कानात सांगितलं, शर्मिला नव्हे गो, उर्मिला."

"पण कांचन का नको? किती छान नाव आहे," मेधा म्हणाली.

"घरात एक कांचन होती ना आधीच. तीच ही थोरली जाऊ. एका घरात दोन कांचन चालतील कशा? मजा म्हणजे तिचंही ते मूळचं नव्हे. माहेरची ती द्वारका."

मेधाला हसू आवरेना. "म्हणजे तुमचं नाव द्वारकाबाईंना गेलं आणि तुम्ही बिननावाच्या!"

"बाबांनी असं केलं?" चंद्रहास पुटपुटला. त्याला मेलेल्या बापाचा राग आला होता, आणि राग आल्याची लाजही.

"त्यांना कशाला दोष देतोस? त्यांनाही वडिलांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. आणि एवढं हौसेनं ठेवलेलं नाव, त्यांनी जन्मात कधी हाक मारली नाही. 'अगं, ऐकलंस का' यावर संसार झाला. चांगले होते हो. पण 'तुला काय वाटतं' हे वाक्य त्यांच्या कोशात नव्हतं." आणि उर्मिलाबाईंनी सालांचं भांडं सिंकमध्ये रिकामं केलं.

वल्लरीच्या डोक्यातून मात्र ते जाईना. दुपारी धुकं उठलं, तशी ती आजीला घेऊन नदीकाठी फिरायला गेली. वायकाटो हिरवीगार, गुपचूप वाहत होती. बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "आजी, तू आधी पोर्तुगीज होतीस, मग इंडियन कधी झालीस?"

"सात वर्षांची होते. डिसेंबर होता. विमानांतून कागद पडले, आम्ही पोरं गोळा करायला धावलो. आदल्या रात्री निजले ती पोर्तुगालची आणि सकाळी उठले ती भारताची. बाबा ओसरीवर बसून रडत होते. मला वाटलं कुणी गेलं घरातलं. तर ते आनंदानं रडत होते. मग सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला."

"आणि तू हॅपी होतीस?"

"मला गूळ मिळाला. मी खूश."

"सो," वल्लरी बोटांवर मोजत म्हणाली, "तेव्हा पण नाही विचारलं तुला. लग्नात पण नाही विचारलं. आणि आता डॅडनं विचारलं?"

उर्मिलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. पोरगी मराठी बोलताना अडखळते, इंग्रजीचा टेकू घेते, म्हणून त्यांनी तिला लहानच धरलं होतं. आणि हिनं दोन वाक्यांत त्यांचा अख्खा जन्म मांडून ठेवला. त्यांनी वल्लरीचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तुला जायचंय ना तिकडे?"

"हो आजी. हीप्स जायचंय. खूप म्हणजे खूप." तिनं खोटं सांगितलं नाही. "पासपोर्ट मिळाला तर सगळं इझी होईल. नाही मिळाला तर स्टुडंट व्हिसानं जाईन, मग बघू. पण मला हवाय तो."

हे ऐकून कुठलीही आजी विरघळली असती. उर्मिलाबाईही विरघळल्या. पुढचे काही दिवस त्यांना भाजी चिरताना, पूजा करताना, कपडे वाळत घालताना तेच एक पडलं होतं. नातीला नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? एक निळं पुस्तक ते काय! आणि तरीही सही करायची कल्पना केली की मुंबईच्या विमानतळावरची ती रांग डोळ्यांपुढे उभी राही. सुधाकरदादाशी बोलल्या तर तो म्हणाला, "बाय, माझी साक्ष मी उद्याच देतो. पण तू पोर्तुगीज झालीस असं वर जाऊन बाबांना मी नाही सांगणार. तुझं तू सांग." आणि स्वतःच खो खो हसला.

श्रुतीनं प्रतिज्ञापत्राचा मजकूर नक्की करायला एकदा दुपारी थेट त्यांनाच फोन केला. घरात दुसरं कुणी नव्हतं. उर्मिलाबाईंनी सगळी उत्तरं दिली आणि मग विचारलं, "श्रुती, एक सांग. समजा आई मेलेली असेल, तर मुलाला हे करता येतं का?"

"येतं की, काकू. आईचा जन्म तिथे नोंदवायचा आणि आपला अर्ज करायचा. माझे निम्मे लोक तसेच आहेत. पण आमची गाडी अडते नावापाशी. आई गेलेली, मामा गेलेला, मग कांचन आणि उर्मिला एकच हे सांगणार कोण? तसे अडकलेले पुष्कळ आहेत. तुमचं बरं आहे, तुम्ही दोघंही आहात. आणि नियम दर वर्षी घट्ट होत चाललेत, तेव्हा आत्ताच करून टाकलेलं उत्तम. का हो?"

"काही नाही," उर्मिलाबाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

सुधाकरदादाची साक्ष पेडण्याच्या वकिलापुढे झाली. इकडचं काम शहरातल्या लायब्ररीत. न्यूझीलंडात असल्या कागदांवर सही-शिक्का करायला जस्टिस ऑफ द पीस नावाची माणसं असतात, सगळे त्यांना जेपी म्हणतात. ती लायब्ररीच्या एका टेबलाशी फुकट बसतात. त्या दिवशी बसले होते ते एक लोकरी स्वेटरवाले म्हातारबुवा, उर्मिलाबाईंच्याच वयाचे. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. मेधाची ड्यूटी होती, म्हणून चंद्रहास आणि वल्लरी दोघं आले होते. दोन कागद होते. पहिलं नावाचं प्रतिज्ञापत्र. दुसरा पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी उर्मिलाबाईंचा अर्ज.

म्हातारबुवांनी पहिला कागद शेवटपर्यंत वाचला. निळा पासपोर्ट पाहिला. मग चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारलं, "म्हणजे तुम्ही कांचनही आहात आणि उर्मिलाही?"

"येस," उर्मिलाबाई म्हणाल्या. "बोथ."

"हे खरं आहे अशी शपथ घेता?"

त्यांनी घेतली. पन्नास वर्षांत एका परक्या माणसानं पहिल्यांदाच त्यांना त्या नावानं विचारलं होतं. मग त्यांनी सावकाश, देवनागरीत, दर अक्षरावर रेघ ओढत सही केली. शिक्का बसला. चंद्रहासनं दुसरा कागद पुढे सरकवला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं.

उर्मिलाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हा नको," त्या म्हणाल्या.

चंद्रहासला आधी कळलंच नाही. "नको म्हणजे? इथे सही कर, आई."

"नाही करत."

"आई, घरी तू हो म्हणाली होतीस!"

"मी ऐकलं असं म्हणाले होते."

जेपी म्हातारबुवा शिकलेसवरलेले. त्यांना शब्द कळत नव्हते, पण प्रकार ओळखीचा असावा. ते खुर्ची वळवून खिडकीबाहेर पाहू लागले.

"चंदू, ऐक," उर्मिलाबाई मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याला चंदू म्हटलं होतं. "माझं नाव गेलं, मला कुणी विचारलं नाही. गाव सुटलं, विचारलं नाही. तुझे बाबाही न विचारताच गेले. मी कधी कुरकूर केली नाही, आजही करत नाही. पण हे एक आहे ते माझं आहे, आणि मी ते जिवंत असेपर्यंत कुणाला देणार नाही. तूही विचारलं नाहीस रे. विचारलं असतंस तर तेव्हाच नाही म्हणाले असते, तुझी एवढी धावपळ वाचली असती."

"एका पासपोर्टसाठी वल्लरीचं नुकसान करतेस?" चंद्रहासचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वर पाहिलं.

"नुकसान नाही करत. श्रुतीला विचारलंय मी. आई मेल्यावरही मुलाला अर्ज करता येतो. अडतं ते नावापाशी. म्हणून नावाचं आज करून टाकलं, दादाकडूनही करून घेतलं. आता कांचन कोण हे शोधत बसायला नको. मी गेले की तू तुझं कर, मग तिचं कर. तेव्हा मला कुठलाच पासपोर्ट लागणार नाही."

"आणि मधल्या काळात नियम बदलले तर?"

"तर बदलले. एका रात्रीत अख्खा देश बदललेला पाहिलाय मी. त्यावर माझा इलाज नाही. तुझाही नाही."

चंद्रहास रागावला होता, आणि रागापेक्षा जास्त दुखावला होता. आईला त्यानं खरंच विचारलं नव्हतं, हेही त्याला आत्ता, या टेबलाशी, लोकांदेखत कळत होतं. त्यानं दोन्ही कागद उचलले, सही झालेला नीट फोल्डरमध्ये घातला, न झालेला घडी करून खिशात कोंबला. म्हातारबुवांचे आभार मानले. "गाडी घेऊन येतो," म्हणाला आणि मागे न बघता निघून गेला.

आजी आणि नात बाहेर फुटपाथवरच्या बाकावर येऊन बसल्या. ऊन पडलं होतं. उर्मिलाबाईंनी निळा पासपोर्ट पर्समध्ये नीट ठेवून चेन ओढली. आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं नाही म्हणाल्या होत्या, आणि ते शेवटी या पोरीच्याच वाट्याला आलं होतं.

"तुला राग आला का गं?" त्यांनी विचारलं.

वल्लरी मनात काहीतरी जुळवत होती. "नाही," ती म्हणाली. "थोडी सॅड झाले. मला हवा होता तो." मग ती एकदम आजीकडे वळली. "थांब. म्हणजे मला तो मिळणार, पण तू गेल्यावर? तेव्हाच?"

"हो. तेव्हाच."

आजीचं हे हो नेहमीचं नव्हतं, हे पोरीला कळलं. तिचे डोळे भरून आले. तिनं आजीच्या दंडाला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि डोकं खांद्यावर टेकवलं.

"मग मला तो लवकर नकोय, आजी," ती म्हणाली. "हीप्स उशिरा हवाय. मी म्हातारी झाल्यावर."

"बघते," उर्मिलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडून होईल तेवढा उशीर करते."